दसरा झाला, वाफे करायचे दिवस आले: आपल्या परड्याचे अनुभव लिहा

पाऊस ओसरला की बेळगावची हवा कोरडी, गार होते. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, नवलकोल, काहीही पेरा, आता येतं. दरवर्षी याच दिवसांत कुणीतरी विचारतं, "सेंद्रिय बाग करायची आहे, काय काय विकत आणू?" माझं प्रामाणिक मत असं की खरेदी सगळ्यात शेवटी. ऊन कुठं किती वेळ पडतं ते आधी बघावं, माती मुठीत दाबून बघावी, आणि घरात रोज जे खाल्लं जातं त्यातलंच एखादं लावावं.

टिळकवाडीतल्या आमच्या घरामागं मी पहिला वाफा केला तो आईच्या आजारपणात. दवाखान्यातून आले की फोन आत ठेवून मेथीला पाणी घालायचं. मेथी उगवताना मान दुमडलेली असते, बियाचं टरफल डोक्यावर घेऊनच ती वर येते आणि दुपारपर्यंत सरळ होते. ते बघताना छातीतली धडधड खाली बसायची. तुमचं कसं सुरू झालं? गावची माती, पाणी, पाऊस यांसकट लिहा. पुण्या-मुंबईच्या बागांची माहिती ढीगभर मिळते, आपल्या भागाची शोधावी लागते.

वडगावहून

आमच्या घरात खाली यंत्रमाग. दिवसभर खडखडाट, रात्री झोपतानाही तो कानात चालूच असतो. संध्याकाळी माग बंद केले की मी गच्चीवर जातो. तेलाच्या डब्यांना तळाशी भोकं पाडून त्यात वांगी-मिरची लावली आहे, आणि एका जुन्या पिंपात दुधी.

दुधीनं मला थांबून बघायला शिकवलं. त्याचं पांढरं फूल दिवस मावळताना उमलतं. मादी फुलाच्या मागं बोटभर लवदार दुधी आधीपासूनच असतो, नर फुलाला नुसता लांब देठ. त्या वेळी मधमाश्या परतलेल्या असतात आणि रात्रीचे पतंग गच्चीवर फारसे येत नाहीत. म्हणून नर फूल खुडायचं, पाकळ्या मागं सारायच्या आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं टेकवायचे. जमलं तर चार-पाच दिवसांत फळ फुगतं, नाही तर पिवळं पडून गळतं. खालून आई हाक मारते, "काय करूलालास रे वर एवढा वेळ?" तिलाही आता वर आणतो. तिचे गुडघे दुखतात, पण मिरच्या तोडायला ती येतेच.

खानापूर तालुका, जांबोटीच्या बाजूनं

मलप्रभेचा उगम आहे ते कणकुंबी आमच्यापासून जवळ, त्यावरून इथल्या पावसाचा अंदाज करा. पावसाळ्यात सपाट वाफ्यात काहीच टिकत नाही, मुळं कुजतात. गुडघ्याएवढे उंच वाफे आणि मध्ये चर, एवढं करावंच लागतं. जांभ्याची तांबडी माती, त्यातला कस पाण्याबरोबर वाहून जातो. फणस-आंब्याचा पाला आम्ही जाळत नाही. परड्याच्या कोपऱ्यात पाल्याचा थर, वर शेणकाला, पुन्हा पाला, असा ढीग रचतो. पुढच्या वर्षी खालचा थर काळा, भुसभुशीत निघतो आणि हाताला पावसानंतरच्या रानाचा वास येतो. वानरांचा त्रास असेल तर हळद, आलं, सुरण, अळू लावा. आमच्याकडं त्यांनी या चौघांना अजून तरी हात लावलेला नाही.

अनगोळहून

फ्लॅटच्या बाल्कनीत सकाळचं तीन-चार तास ऊन मिळतं. टोमॅटोला तेवढं पुरत नाही. पालक, पुदिना, कोथिंबीर मजेत येतात. रात्रपाळी करून आल्यावर पडदे ओढण्याआधी पाच मिनिटं तिथं उभी राहते, झोप चांगली लागते.

निपाणीहून

मी बरीच वर्षं विड्या वळल्या. आता हात थरथरतात, पण रोपं लावायला जमतं. आमच्याकडं पिकावर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला की कुणीही सांगतं, तंबाखूचा काढा मारा, घरात आहेच की! माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं, मारू नका. तंबाखूतलं निकोटीन जहाल असतं. माव्याबरोबर मधमाश्या आणि मावा खाणारे ढालकिडेही मरतात, आणि फवारणाऱ्याच्या अंगालाही ते बाधतं. शिवाय तंबाखूवरचा मोझॅक रोग हातानं टोमॅटो-मिरचीवर जातो, पानं चट्टेरी होऊन आखडतात. तंबाखूला हात लागला असेल तर साबणानं धुऊनच रोपाला शिवायचं. माव्यासाठी लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, उन्हं उतरल्यावर पानाच्या खालच्या बाजूनं फवारायचं. तेवढं बास होतं. सुनेनं लावलेल्या टोमॅटोला पहिला घोस धरला तेव्हा नातवंडं शाळेत जाण्याआधी मोजायला यायची.

येळ्ळूरहून

शेतावर जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, दोनशे लिटरच्या पिंपात करतो. घरासाठी वीस लिटर पाणी, एक किलो ताजं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत गोणपाट झाकून दोन दिवस ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. आठवड्यात संपवायचं. कुंडीला देताना दहापट पाणी घाला.

संकेश्वरहून

परडं माझ्या पत्नीचं होतं. ती गेल्यावर पहिला पावसाळा मी तिकडं फिरकलोच नाही, दार उघडायचं धाडस होत नव्हतं. मग शेजारच्या कन्नड अक्कांनी एक दिवस कुंपणावरून वाटीभर अवरेचं, म्हणजे आपल्या वरण्याचं (वालाचा प्रकार), बी दिलं. म्हणाल्या, "हे तुमच्या घरचंच आहे, गेल्या वर्षी वहिनींनी मला दिलं होतं." तो वरणा मी लावला. आता वेल मांडवावर चढलाय, जांभळट फुलं आलीत. शिक्षक होतो, वर्गात बोलायची सवय. घर गप्प झालं होतं, ते आता सकाळी कुंपणापाशी बोलतं.

नवीन मंडळींसाठी एक. आमच्याकडं ऊस चिक्कार, आणि पाचट पेटवून देतात. ते मागून आणा. वाफ्यावर चार बोटं जाड पसरलं की काळ्या जमिनीला भेगा पडत नाहीत, उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतं. खोडाला मात्र टेकवू नका, दोन बोटं जागा सोडा.

वडगावहून पुन्हा

गुरुजी, त्या वरण्याचं थोडं बी मिळेल का? मांडव गच्चीवर तयार आहे.

संकेश्वरहून

मिळेल की. शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, त्याला माघ उजाडेल. राखेत घोळून ठेवतो. पेरा मात्र मिरगाचा पाऊस लागल्यावरच.