फॉरवर्डमधली सायकलवाली

नंदूकाका: (फॉरवर्ड केलेला मेसेज) जिद्द असावी तर अशी!!! हॉलंडच्या अ‍ॅनिमिक व्हॅन या मुलीला २०१६ साली सायकल शर्यतीत भीषण अपघात झाला. पाठीचा कणा मोडला. डॉक्टरांनी हात टेकले, ही पुन्हा कधी उभी राहणार नाही म्हणाले. पण तिने हार मानली नाही! पाच वर्षं अंथरुणावर झुंज देऊन २०२१ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक पटकावलं!! किमान दहा जणांना पाठवा 🙏🙏

काकू: नाव अ‍ॅनिमिक आणि अंगात एवढं रक्त.

नंदूकाका: आत्या, खास तुझ्यासाठी टाकलंय. मनगटाचं प्लास्टर निघून तीन आठवडे झाले. व्यायाम सुरू केलास का?

आत्या: सकाळी सकाळी मीच सापडले का रे? चहा तरी घेऊ दे. डाव्या हातात कप धरून पितेय.

सुहासदादा: काका, मेसेज अर्धा खोटा आहे. चिमूला उठू दे, ती सांगेल. तिच्या शेजारच्या गावची आहे ही बाई.

नंदूकाका: अर्धा खोटा म्हणजे अर्धा खरा ना? बस झालं की मग.

चिमू: उठले. इथे रविवारची पहाट आहे आणि तुमचे मेसेज धडाधड येतायत. काका, आधी नाव. आनेमीक फान फ्ल्यूटन. 'फान' म्हणजे आपला 'कर' समजा. तासगावकर, इस्लामपूरकर, तशी ती फ्ल्यूटनकर. आणि नुसतं आडनावापुरतं नाही, जन्मही फ्ल्यूटनचाच, १९८२ चा. उत्रेख्तहून लोकल पकडली की माझ्या स्टेशनच्या पुढचं स्टेशन फ्ल्यूटन. गाव सपाट. चढ म्हणाल तर कालव्यावरचा पूल.

आई: मग तिथली बाई डोंगरात कशी जिंकते?

चिमू: हेच तर. ती मुळात सायकलवालीच नव्हती. फुटबॉल खेळायची. गुडघा गेला, फुटबॉल सुटला, आणि गुडघ्यावर भार नको म्हणून सायकल चालवा असा सल्ला मिळाला. तोवर वागेनिंगनच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र करून साथरोगशास्त्रात एमएस्सी. प्राण्यांकडून माणसांना होणाऱ्या रोगांचा अभ्यास. बाकीच्या चॅम्पियन मुली शाळेत असल्यापासून शर्यती मारतात. मारियाना फोस १९ व्या वर्षी जगज्जेती झाली. ही तेवीस-चोवीसची होईपर्यंत शर्यतीच्या सायकलवर बसलीच नव्हती.

बाबा: साथरोगशास्त्र म्हणजे आकडेमोड. हिशोबी बाई दिसते.

चिमू: हो बाबा, तेच धरून ठेवा. पुढे लागणार आहे.

नंदूकाका: अपघाताचं सांग. कणा मोडला का नाही?

चिमू: ७ ऑगस्ट २०१६, रिओ. शर्यत संपायला दहा-अकरा किलोमीटर उरले होते. व्हिस्ता शिनेझा नावाचा घाट चढून झाला होता, उताराला ती एकटी पुढे, सुवर्ण समोर दिसतंय. एका वळणावर सायकलवरचा ताबा सुटला आणि ती रस्त्याकडेच्या सिमेंटच्या काठावर आपटली. टीव्हीवर दिसली ती निपचित पडलेलीच. मेंदूला जबर मार, कमरेच्या मणक्यांना तीन ठिकाणी फ्रॅक्चर, अतिदक्षता विभाग. इथवर तुमचा मेसेज जवळपास खरा. पण 'कधी उभी राहणार नाही' वगैरे काही नाही. आणि 'पाच वर्षं अंथरुणावर' तर अजिबात नाही. महिन्याभरात ती पुन्हा शर्यतीत उतरली आणि बेल्जियमची चार दिवसांची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी नॉर्वेत बेर्गेनला घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत जगज्जेती.

काकू: पाच वर्षांचा एक महिना झाला. फॉरवर्डला भाववाढ लागते.

सुहासदादा: एक सांगू का, उतार हा प्रकार लोकांना कळत नाही. सगळे चढाचं कौतुक करतात. मी दर रविवारी सिंहगडाला जातो, चढताना फे फे उडते, पण भीती वाटते ती उतरताना. चढात तुम्ही फार तर थांबता. उतारात ताशी साठ-सत्तरने चाललेले असता, टायर बोटभर रुंद, आणि पुढचं वळण किती आवळत जाणार ते आत शिरल्याशिवाय कळत नाही. ब्रेक एक सेकंद उशिरा दाबला की संपलं. आणि ती पडली तरी सुवर्ण त्यांच्याच घरात गेलं. मागून आलेल्या तिघींनी पुढे गेलेल्या अमेरिकेच्या मारा अ‍ॅबटला अगदी रेषेजवळ गाठलं, आणि त्यातली आना फान डर ब्रेखन जिंकली. तीही डच.

आत्या: म्हणजे एक दवाखान्यात आणि दुसरी पोडियमवर? आनंद करायचा का रडायचं, कळलं नसेल त्यांना.

नंदूकाका: पण २०२१ चं सुवर्ण तरी खरं ना?

चिमू: खरं. पण त्याच्या तीन दिवस आधी जे झालं ते तुमच्या मेसेजमध्ये नाही, आणि मला विचाराल तर तिच्या सगळ्या करिअरमध्ये मला तेच जास्त आवडतं. नीट लिहिते, थांबा. चहा करून येते.

काकू: ही पण मालिकेसारखी. ऐन वेळी ब्रेक.

चिमू: आले. टोकियो, २५ जुलै, १३७ किलोमीटरची रस्त्यावरची शर्यत, ६७ जणी. डच संघात चौघी, चौघीही अशा की कुणीही जिंकली असती तरी नवल नव्हतं: ही, फोस, फान डर ब्रेखन आणि डेमी फॉलरिंग. झेंडा पडला आणि लगेच पाच जणी पुढे सुटल्या. त्यात ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर. गणितात पीएचडी, स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या विद्यापीठात संशोधन करणारी, कुठल्याही व्यावसायिक संघात नाही. डच मुली म्हणाल्या असतील, जाऊ देत, उन्हात दमतील, मग धरू. पाचातल्या दोघी आधीच गळाल्या. उरलेल्या तिघींतून कीझनहोफर ४० एक किलोमीटर बाकी असताना एकटी सुटली. आता गंमत अशी की एरवी प्रत्येकीच्या कानात रेडिओ असतो आणि संघाची गाडी सांगत असते पुढे कोण, किती फरक. ऑलिंपिकमध्ये रेडिओ चालत नाही. शेवटी मागच्या घोळक्याने पुढच्या दोघींना गाठलं, पोलंडची आणि इस्रायलची, आणि वाटलं की झाल्या सगळ्या धरून. मग आनेमीक शेवटी निसटली, रेषेवर दोन्ही हात वर केले, तोंडभर हसली. ऑलिंपिक चॅम्पियन झाल्याच्या थाटात. आणि कीझनहोफर सव्वा मिनिट आधीच पोचून रस्त्यावर आडवी पडली होती.

आत्या: अगं बाई.

काकू: आपल्या मुंजीत पंगत संपली म्हणून वाढपी जेवायला बसले आणि मागच्या खोलीत व्याही उपाशी होते, तसं.

नंदूकाका: चौघी जगातल्या भारी आणि पाच मोजता येईनात? नाचक्कीच ही.

बाबा: नंदू, तू विजेतीकडे बघ. तिने एकटीने हिशोब मांडला: किती वेग, किती पाणी, किती ऊन, मागचे किती वेळ गाफील राहतील. दुसऱ्यांना ती माहीतच नव्हती हा तिच्या उत्तराचा भाग होता. गणिताच्या मास्तरला आज बरं वाटलं.

सुहासदादा: आणि वारा, काका! घोळक्यात मागे बसलं की पुढच्याच्या आडोशाने कितीतरी कमी दम लागतो. एकटी चाळीस किलोमीटर म्हणजे सगळा वारा छातीवर. ज्यांनी कात्रजच्या बाहेर दुपारी सायकल चालवलीय त्यांना विचारा.

चिमू: नाचक्की म्हणा. इथल्या पेपरांतही भरपूर बोलून झालं. पण आनेमीकने रौप्य गळ्यात घातलं, कॅमेऱ्यासमोर चूक कबूल केली आणि तीन दिवसांनी फुजी पर्वताशेजारच्या मोटार रेसिंगच्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्धची शर्यत ५६ सेकंदांनी जिंकली. त्या शर्यतीत कुणाला मोजायचं नसतं. एकेकीला सोडतात, प्रत्येकीचं घड्याळ वेगळं. तुमच्या फॉरवर्डमधलं सुवर्ण ते.

आई: आजी शेजारी बसल्यात, त्यांना वाचून दाखवतेय. त्या म्हणतात, हात वर केले ते केले, खोटं कुठे होतं? त्या घटकेला तिला आनंद झालाच होता.

चिमू: आजी ❤️

नंदूकाका: बरं बाकी काय जिंकली? यादी दे, दुरुस्त करून टाकतो दुसऱ्या ग्रुपवर.

चिमू: यादी लांबेल. बेल्जियमच्या एका दिवसाच्या मोठ्या शर्यती, फ्लँडर्स दोनदा, लीएज दोनदा. इटलीची बरेच दिवस चालणारी जीरो चारदा. पण २०१९ ची यॉर्कशायरची जागतिक स्पर्धा बघा कधी तरी. साधारण १५० किलोमीटरची शर्यत. पहिल्या मोठ्या चढावर ती पुढे निघाली ती निघालीच. १०५ किलोमीटर बाकी होते तेव्हा! शहाणी माणसं असं करत नाहीत. मागे सगळ्या जगाचे संघ, ही एकटी. दोन मिनिटांवर फरकाने जिंकली.

सुहासदादा: पुण्याहून वाई अन् वर थोडं. एकटं. पाठलागावर सगळा गाव.

बाबा: टोकियोच्या बाईने हिच्याच पुस्तकातून उत्तर उचललं म्हणायचं.

चिमू: बाबा!! हे मला सुचलंच नव्हतं.

काकू: पैसे किती मिळतात पण? एवढी हाडं मोडून?

चिमू: विचारलंत ते बरं झालं. २०२२ मध्ये बायकांची टूर द फ्रान्स नव्याने सुरू झाली, ८ दिवसांची. ऐंशीच्या दशकात होती, १९८९ नंतर त्या रूपात बंदच पडली होती. ती परत यावी म्हणून फोस आणि आणखी काही जणींनी २०१३ मध्ये सह्यांची मोहीम काढली होती. पहिल्या वर्षी आनेमीकच जिंकली. पहिल्या दिवसांत पोट इतकं बिघडलं होतं की अन्न टिकत नव्हतं, घरी जावं लागतंय असं वाटत होतं. सातव्या दिवशी व्होजच्या डोंगरात पहिल्याच घाटात सुटली, शेवटचे साठेक किलोमीटर एकटी, तीन मिनिटांच्या वर फरक. आठव्या दिवशी सायकलने दगा दिला, वाटेत पुन्हा पुन्हा सायकल बदलली, तरी ला प्लांश दे बेल फीयच्या माथ्यावर पहिली. बक्षीस ५०,००० युरो. पुरुषांच्या विजेत्याला ५,००,०००.

काकू: एक शून्य कुठे गेलं?

आत्या: आपल्याकडे पण तेच गं. शून्य नेहमी बायकांच्याच वाटचं गळतं.

नंदूकाका: पुरुष २१ दिवस चालवतात पण.

काकू: २१ भागिले ८ किती, भावोजींना विचारा.

बाबा: २.६. दहा येत नाही.

सुहासदादा: 😂😂 काका बाद.

चिमू: त्याच वर्षी जीरो, टूर, स्पेनची व्हुएल्टा, तिन्ही तिच्या. आणि मग सप्टेंबरात ऑस्ट्रेलियात वलाँगाँगला जागतिक स्पर्धा. मुख्य शर्यतीच्या तीन दिवस आधी सांघिक शर्यतीत सुरुवातीच्या उतरणीवरून खाली आली आणि लगेच आडवी. कोपर मोडलं.

आत्या: हं. आलं माझ्यावर.

चिमू: सायकलवर उभं राहून जोर लावायचा तर हातांवर भार येतो, ते जमेना. म्हणून ठरलं की ती फोससाठी राबणार. घाटात मागेही पडली होती. शेवटी पाऊस, पुढे छोटा घोळका, सगळ्या एकमेकींकडे बघतायत कोण आधी निघतंय. ही मागून येऊन त्यांना चिकटली आणि थांबलीच नाही, त्याच वेगात बाजूने पुढे. सगळं बसल्या बसल्या. एक किलोमीटरही उरला नव्हता. बाकीच्या जाग्या होईपर्यंत रेषा आली. दोन आठवड्यांनी ती चाळीसची होणार होती.

नंदूकाका: बघ आत्या! मोडक्या कोपराने जग जिंकलं. आणि तुझ्याच्याने चेंडू दाबवत नाही.

चिमू: काका, नाही हं. यासाठीच मला हे फॉरवर्ड आवडत नाहीत. तिच्याबरोबर डॉक्टर होते, किती धोका आहे ते पाहून ठरवलेलं होतं. आणि तिची खरी मेहनत त्या दिवसाची नव्हेच. टेनेरिफ बेटावर, आल्प्समधल्या लिविन्योला, उंचावर आठवडे न् आठवडे एकटीने काढलेले, पुरुषांच्या संघाबरोबर सराव. आत्या, तू मोडकं मनगट घेऊन भाकऱ्या थापायला लागलीस तर मी तिकीट काढून तिथे येईन. तुला फिजिओने काय सांगितलंय तेवढंच कर. दिवसातून किती वेळा?

आत्या: चार वेळा. दहा-दहा.

चिमू: आणि करतेस किती?

आत्या: मोजत नाही. टोकियोवाल्यांसारखं.

आई: आजी विचारतायत, आता काय करते ती बाई?

चिमू: २०२३ च्या सप्टेंबरात थांबली. त्या वर्षी जीरो आणि व्हुएल्टा जिंकूनच. टूरमध्ये मात्र फॉलरिंगने मात दिली, ही चौथी आली. एवढं जिंकत असताना थांबली याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

नंदूकाका: चिमू, हे सगळं आठ-दहा ओळींत बसवून दे. तीन उद्गारचिन्हं लागतील.

चिमू: टोकियोतली चूक ठेवणार का त्यात?

नंदूकाका: ती कशाला? लोक म्हणतील हिला मोजताही येत नाही.

चिमू: मग नाही देत.

नंदूकाका: जाऊ दे. जुनाच सकाळी बावीस जणांना गेलाय.

काकू: देवा.

आत्या: अरे तो फिजिओचा चेंडू सापडला. सोफ्याखाली होता. मांजराने एका बाजूने कुरतडलाय. चालेल का, की नवीन आणू?