‘ग्रिटी’ चित्रपटाला मराठीत काय म्हणावे?

दादरला भरणाऱ्या आमच्या चित्रपटप्रेमींच्या बैठकीसाठी मॅट रीव्ह्ज यांच्या ‘द बॅटमॅन’ (२०२२) या चित्रपटाची ओळख लिहिताना ‘ग्रिटी’ (कठोर वास्तव न सजवता दाखवणारा) या इंग्रजी विशेषणापाशी माझे अडले. पहिल्या खर्ड्यात मी ‘वास्तववादी’ लिहिले होते. त्यावर बैठकीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, की वटवाघळाचा वेश करून रात्री गुंडांशी मारामारी करणारा अब्जाधीश वास्तववादी कसा? आक्षेप रास्त आहे. वास्तववाद ही कलेतील एक भूमिका आहे आणि १९३९ साली कॉमिकमध्ये अवतरलेला हा नायक केवळ चित्रणाची पद्धत बदलल्याने त्या भूमिकेत जाऊन बसत नाही. ‘वास्तवदर्शी’ त्यातल्या त्यात बरा, पण त्यात नुसते दिसणे येते, टोचणे येत नाही.

मूळ शब्दात तर टोचणेच आहे. तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, नीट धुतल्या नाहीत तर कालवणात दाताखाली जी कचकच लागते, तीच ही ‘ग्रिट’. मग ‘कचकचीत’ का म्हणू नये? कारण तो शब्द आपण शिवीला आणि चाव्याला देऊन टाकला आहे. शिवाय इंग्रजीत ‘ग्रिट’ म्हणजे चिवट धैर्यही होते, तर मराठीत कच खाणारा माणूस ऐन वेळी माघार घेतो; एकाच बारीक खड्याने दोन भाषांत अगदी उलट अर्थ धरले आहेत.

‘रखरखीत’ हा शब्द एका मित्राने सुचवला. त्यात ऊन आणि कोरडेपणा आहे, आणि या चित्रपटात तर सारखा पाऊस पडत असतो. ‘राकट’ माणसाला शोभतो आणि त्यात कौतुक असते. ‘विदारक’ प्रेक्षकाच्या मनाचे वर्णन करतो, चित्रपटाच्या पोताचे नव्हे.

पोतासाठी मला ‘खरखरीत’ योग्य वाटतो. बॅटमॅन उंच इमारतीवरून झेप घेतो, त्याचे पॅराशूट पुलाला अडकते, तो रस्त्यावर आदळतो आणि लंगडत निघून जातो, हे दृश्य आठवावे. पूर्वीच्या बऱ्याच चित्रपटांत अशी झेप गुळगुळीत असे; इथे तिला खरचटते. अंगात कोणतीही अमानवी शक्ती नसलेल्या नायकाला हेच साजते.

बॅटमॅनच्या काल्पनिक गॉथम शहरासाठी मात्र ‘खरखरीत’ पुरत नाही. मुंबईकराच्या तोंडी पटकन ‘कळकट’ येईल: जुन्या चाळीच्या जिन्याचा हातांनी काळा झालेला कठडा, ओल चढलेली भिंत. परंतु ‘कळकट’ म्हणताना आपण नाक मुरडतो, आणि रीव्ह्ज यांचा कॅमेरा त्या शहरावर नाक मुरडत नाही, तो तिथे मन लावून रेंगाळतो. ‘काजळलेले’ या शब्दात धूर आहे, रात्र आहे, आणि तुच्छता नाही. नायक मुखवटा उतरवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांभोवती फासलेला काळा रंग तसाच पसरलेला दिसतो, त्यालाही हाच शब्द लागू पडतो.

म्हणून टिपणात आता ‘खरखरीत मांडणी’ आणि ‘काजळलेले गॉथम’ असे दोन शब्द ठेवले आहेत. मांडणीसाठी याहून नेमका शब्द कुणाच्या घरी वापरात असेल, विशेषतः कोकणी किंवा मालवणी बोलणाऱ्यांच्या, तर तो अवश्य सांगावा.