५५ इंची टीव्ही: स्वस्तातला घ्यावा की दुप्पट किमतीचा? सल्ला हवा आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. आमचा ४३ इंची फुल एचडी टीव्ही नऊ वर्षांनी बंद पडला. आवाज येतो, चित्र येत नाही. आता ५५ इंची घ्यायचं ठरलंय आणि दोन मॉडेलांवर येऊन अडलोय.

पहिला स्वस्तातला: फोर-के, साधा एलईडी, ६० हर्ट्झ. दुसरा बरोबर दुप्पट किमतीचा: फोर-के, मिनी एलईडी, १२० हर्ट्झ, डॉल्बी व्हिजन (हा एचडीआरचाच एक प्रकार म्हणे). खोक्यावर बघाल तर दोन्हीकडे एचडीआर लिहिलंय, दोन्हीकडे '१०७ कोटी रंग' लिहिलंय. मग जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

सोफा टीव्हीपासून साधारण पावणेतीन मीटरवर आहे. दिवसा सासूबाई मालिका आणि बातम्या बघतात, त्यांची खुर्ची एका बाजूला असते. टीव्हीच्या समोरच मोठी खिडकी आहे. रात्री आम्ही दोघं सिनेमे बघतो. लेकीला पुढेमागे गेमचा कन्सोल हवाय. पैसे बाजूला काढलेत, पण उगाच घालवायचे नाहीत. आणि खरं सांगते, दुकानात दोन्ही शेजारी लावलेले बघितले तर मला स्वस्तातलाच जास्त झगझगीत वाटला!

दुरुस्तीवाला

ताई, नव्याचं नंतर बोलू. जुना भंगारात टाकला नाहीत ना? आवाज आहे आणि चित्र नाही म्हणताय, तर आज रात्री खोलीत पूर्ण अंधार करा, टीव्ही चालू करा आणि पडद्याला अगदी लागून तिरका टॉर्च मारा. माणसं हलताना पुसटशी दिसली तर पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, शाबूत आहे, मागच्या एलईडीच्या पट्ट्या किंवा त्यांना वीज देणारा भाग गेलाय. पट्ट्या बदलून मिळतात, आणि हा खर्च नव्या टीव्हीच्या मानाने फारच कमी असतो. पॅनल गेलं असतं तर मीच म्हणालो असतो की नाद सोडा, कारण पॅनलचीच किंमत जवळजवळ अख्ख्या टीव्हीइतकी होते.

माझ्या टेबलावर येणाऱ्या टीव्हींमध्ये ही तक्रार कायमची. पट्टीवरचे एलईडी एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की माळ विझते, आणि बऱ्याच टीव्हींमध्ये तेवढ्यावरून संरक्षण म्हणून सगळाच बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, बंद होतो. स्वस्त टीव्हीत मुळात एलईडी कमी असतात, मग उजेड पुरा पडावा म्हणून प्रत्येकाला जास्त करंट देतात. उष्णता वाढते आणि आयुष्य घटतं. त्यात कारखान्यातून टीव्ही बरेचदा येतो तो बॅकलाइट खूप वर करून. कुठलाही घ्या, पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट ६०-७० टक्क्यांवर आणा. रात्री त्याहूनही कमी चालतो.

महाग टीव्ही जास्त टिकतो म्हणून घेऊ नका. मिनी एलईडीत तर शेकडो, कधी हजारो दिवे असतात आणि त्यांना चालवणारी सर्किटंही जास्त. ते खोलून बसवणं सोपं नाही. पैसे द्यायचे तर चित्रासाठी द्या, आणि पॅनलवर किती वर्षांची हमी आहे ते बिलावर लिहून घ्या.

रात्रीचा प्रेक्षक

दुरुस्तीवाल्यांशी सहमत, आता चित्राबद्दल लिहितो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी फोर-केचा हिशेब. फुल एचडीत साधारण २१ लाख बिंदू असतात, फोर-केत ८३ लाख. पण निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकाच बारकावा वेगळा दिसतो. ५५ इंची पडदा जवळपास १२२ सेंमी रुंद असतो. त्यावर फुल एचडीचा एक बिंदू ०.६३ मिमीचा पडतो, आणि सव्वादोन मीटरच्या पलीकडून असे दोन शेजारचे बिंदू वेगळे ओळखता येत नाहीत. तुम्ही पावणेतीन मीटरवर बसता. म्हणजे निव्वळ बिंदूंचा फायदा तुमच्या सोफ्यापर्यंत फारसा पोचतच नाही. तसंही दोन्ही टीव्ही फोर-केच आहेत, तेव्हा हा मुद्दा यादीतून काढून टाका.

फरक पडतो तो काळ्या रंगात आणि उजेडात. हे दोन्ही टीव्ही एलसीडीच आहेत. एलसीडी पडद्यामागे दिवा सतत जळत असतो आणि पडदा तो अडवायचा प्रयत्न करतो. साध्या एलईडी टीव्हीत सगळे दिवे एकत्रच कमी-जास्त होतात, म्हणून रात्रीच्या प्रसंगात काळं आभाळ राखाडी दिसतं आणि अंधारात उभा माणूस त्यात विरघळून जातो. मिनी एलईडीत मागचे दिवे शेकडो कप्प्यांत विभागलेले असतात. चंद्र असेल तिथला कप्पा उजळतो, बाकीचे मंदावतात. चंद्राभोवती थोडं वलय दिसू शकतं, कप्पे कमी असतील तर जास्त दिसतं. तरीही दिवे विझवून सिनेमा बघणाऱ्यांसाठी हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

एचडीआरचंही तसंच. एचडीआर म्हणजे उजळ आणि अंधाऱ्या भागांतला फरक जास्त ठेवलेलं चित्र. हे चित्रपट तयार करताना उजेडाची पातळी १००० नीट्स (नीट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक), कधी ४००० नीट्सपर्यंत धरलेली असते. स्वस्त टीव्ही साधारण २५० ते ३०० नीट्सपर्यंत जातो. तो एचडीआरचा सिग्नल घेतो हे खरं, म्हणूनच खोक्यावर तसं छापता येतं, पण तेवढा उजेड दाखवायची ताकद त्याच्यात नसते. बरेचदा एचडीआर चालू केल्यावर चित्र उलट अंधारून येतं. चांगला मिनी एलईडी १००० नीट्सच्या वर जातो.

१०७ कोटी रंगांचं सांगायचं तर ती १०-बिट पॅनलची संख्या आहे. ८-बिट पॅनल १ कोटी ६७ लाख रंग दाखवतं, पण शेजारच्या दोन छटा भराभर आलटूनपालटून दाखवून मधली छटा भासवता येते, आणि तेही १०७ कोटी म्हणून मोजलं जातं. तेव्हा दोन्ही खोक्यांवर एकच आकडा दिसला तर त्यावरून काही ठरवू नका. क्यूएलईडी हे नावही असंच गोंधळात टाकतं. तो मुळात एलसीडीच, फक्त रंग शुद्ध करायला क्वांटम डॉटचा थर दिलेला. (या क्वांटम डॉटच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. गोष्ट खरोखर सुंदर आहे, पण तिने काळा रंग काळा होत नाही.)

१२० हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो, हे मला ऐषआराम वाटत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतात, आणि कॅमेरा सावकाश फिरताना हलका झटका जाणवतो. १२० ला भाग पूर्ण जातो, प्रत्येक चौकट पाच वेळा. मात्र 'मोशन रेट' वगैरे नावाखाली छापलेला आकडा धरू नका, पॅनल किती हर्ट्झचं आहे तेच विचारा.

दुकानातलं म्हणाल, तर तिथे सगळे टीव्ही झगमगीत मोडवर असतात आणि वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. त्यात निळसर, भडक चित्र डोळ्यांत भरतंच. सेल्समनला फिल्ममेकर मोड लावायला सांगा, नसेल तर सिनेमा मोड. मग दोन मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या आणि पुन्हा बघा.

चार वर्षं समाधानी

दुसरी बाजूही मांडतो. मी चार वर्षांपूर्वी असाच विचार करून स्वस्तातला घेतला आणि मला पश्चात्ताप नाही. आमच्या घरी नव्वद टक्के वेळ वाहिन्या चालतात, त्यांचं चित्रच मुळात फुल एचडी किंवा त्याहून कमी. वाचलेल्या पैशांतून साउंडबार आणला. आजकालचे टीव्ही इतके पातळ असतात की स्पीकर खाली तोंड करून बसवतात, संवाद पुटपुटल्यासारखे येतात. आमच्या वडिलांना आधी मालिकेतलं निम्मं ऐकू यायचं नाही, आता येतं. आमच्यासाठी हा बदल कुठल्याही नीट्सपेक्षा मोठा होता. साउंडबार ईएआरसी किंवा निदान एआरसी लिहिलेल्या (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या) एचडीएमआयलाच जोडा, म्हणजे एकाच रिमोटवर आवाज चालतो.

त्रास झाला तो एकच. दीड वर्षात टीव्हीतली ॲप्स रांगायला लागली. एक-दीड जीबी रॅममध्ये दुसरं काय होणार! बाहेरून स्ट्रीमिंगची स्टिक लावली आणि प्रश्न मिटला. म्हणून टीव्हीच्या 'स्मार्ट'पणासाठी जास्त पैसे मोजू नका. फक्त अगदी अनोळखी कंपनीचा घेत असाल तर त्याला वाइडवाइन एल-१ (व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेची वरची पातळी) आहे का ते बघा. नसेल तर पडदा फोर-केचा असूनही स्ट्रीमिंगवाले धूसर, जुन्या डीव्हीडीच्या दर्जाचंच चित्र पाठवतात. इंटरनेटचंही बघा, नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएसचा वेग सांगतं.

नवीन सभासद

इतके पैसे घालताय तर ओएलईडी का नाही?

रात्रीचा प्रेक्षक

काळ्या रंगासाठी त्याला तोड नाही, प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि विझतो. पण या घरात दिवसभर बातम्या चालतात, खाली पट्टी आणि कोपऱ्यात बोधचिन्ह तासन्‌तास एकाच जागी. ते कायमचं उमटायची भीती खरी आहे. शिवाय समोर खिडकी. यांना मी ओएलईडी सुचवणार नाही.

ताई, सासूबाईंच्या खुर्चीबद्दल सांगायचं राहिलं. एलसीडी पॅनलचे मुख्य दोन प्रकार, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस असेल तर बाजूने रंग टिकतात, पण काळा रंग फिका, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण) साधारण १०००:१. व्हीए असेल तर समोरून ३०००:१ च्या पुढे, पण बाजूने बघितलं की चित्र पांढुरकं होतं. दुकानात मुद्दाम तिरकं उभं राहून बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं करून आले, सांगते.

टॉर्च मारला आणि पुसट चित्र दिसलं! पट्ट्या बदलायला दिल्यात. तो टीव्ही आता सासूबाईंच्या खोलीत जाईल, त्यांनाही ते आवडलंय. बाहेरच्या टीव्हीवर नातीचा ताबा असला की त्या काही न बोलता उठून जायच्या, ते मला लागायचं.

पेन ड्राइव्हवर एक रात्रीचा प्रसंग आणि एक सपाट राखाडी चित्र नेलं होतं. दोन्ही टीव्हींवर सिनेमा मोड लावून घेतला. स्वस्तातल्यावर राखाडी चित्रात मधोमध उभे मळकट पट्टे दिसले, आणि रात्रीच्या प्रसंगात माणसाचा काळा कोट आणि मागची भिंत एकच झाली होती. दुसऱ्यावर कोटाची बटणं दिसली. यांनी माझ्याकडे बघितलं आणि आमचं तिथेच ठरलं. बाजूने मात्र महागडाच जास्त पांढुरका होतो, हेही बघितलं. आता रोज बाजूला बसणारं कुणी नाही, म्हणून चालेल. खिडकीला जाड पडदा लावणार आहे, कारण दुकानातल्या दिव्यांचं प्रतिबिंब दोन्ही टीव्हींवर तितकंच पडत होतं.

एक विचारायचं राहिलं. याच टीव्हीच्या श्रेणीतलं गेल्या वर्षीचं मॉडेल बरंच कमी किमतीत मिळतंय. घ्यावं का?

रात्रीचा प्रेक्षक

कप्प्यांची संख्या, पॅनलचे हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ या तीन गोष्टी तशाच असतील तर जरूर घ्या. एचडीएमआय २.१ लेकीच्या कन्सोलसाठी, प्लेस्टेशन ५ सारख्याला फोर-के १२० हर्ट्झवर चालायला ते लागतं. उरलेल्या पैशांतून साउंडबार होतो का बघा.

दुरुस्तीवाला

मांडून ठेवलेला नग घेऊ नका, तो महिनोन्‌महिने पूर्ण उजेडावर जळलेला असतो. बंद खोकं घ्या. आणि आणायच्या आधी टेबल मोजा. ५५ इंचीचे पाय बरेचदा अगदी दोन टोकांना असतात, मीटरभराहून जास्त अंतर पडतं. ४३ च्या टेबलावर ते बसणार नाहीत.

धागाकर्ती

आत्ताच मोजलं. टेबल ९५ सेंमी. भिंतीवरच लावावा लागणार.

दुरुस्तीवाला

मग मागच्या चार भोकांमधलं अंतर विचारून त्या मापाची भिंतीवर लावायची चौकट आणा. पडद्याचा मध्य सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येऊ द्या, लोक फार उंच लावतात. आणि एचडीएमआयची वायर भिंतीवर चढवायच्या आधीच जोडून घ्या, नंतर तिथे हात जात नाही.