घरी बांधलेल्या किट कारला यूकेत नंबर मिळतो का? आणि पुढे पुण्याला नेता येईल का?

कोव्हेंट्रीकर:
मंडळी, कामानिमित्त कोव्हेंट्रीला आलोय, घराला सिंगल गॅरेज आहे आणि डोक्यात केटरहॅम सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारचं किट (सुटे भाग घ्यायचे, गाडी घरी जोडायची) घुसलंय. बायको म्हणते तेवढ्यात मस्त सेकंडहँड फोक्सवॅगन गोल्फ येईल, तो वाद इथे नको. घरी नटबोल्ट आवळून बांधलेली गाडी रस्त्यावर पास कशी होते, आणि पुढेमागे परत आलो तर पुण्यात चालवता येईल का?

स्पॅनरदादा:
होते की पास. आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल) नावाची एकेका गाडीची टेस्ट असते, २००९ च्या आधी एसव्हीए होती. डीव्हीएसए या तिथल्या सरकारी वाहन तपासणी संस्थेचा माणूस तुमची ती एक गाडी तपासतो, ब्रेक, लाइट, धूर, आवाज, सीटबेल्टचे पॉइंट सगळं. नवखे इंजिनाची काळजी करत बसतात आणि आपटतात कडांवर! बाहेरून अंगाला लागेल अशी धार निदान अडीच मिमी त्रिज्येची गोल हवी, म्हणून सेव्हनवाले नटांवर प्लास्टिकच्या टोप्या आणि कडांना रबरी पट्ट्या लावून टेस्टला जातात. नंबरचं म्हणाल तर सगळं नवं असेल (एखादा रिकंडिशन्ड पार्ट चालतो) आणि किटवाल्याचं सर्टिफिकेट असेल तर चालू वर्षाची प्लेट, भंगारातून जमवलेली आणि वय सिद्ध होत नसेल तर क्यू प्लेट, म्हणजे वर्षाऐवजी क्यू अक्षराचा नंबर, आणि क्यू म्हटलं की विकताना भाव पडतो. सगळ्या पावत्या जपून ठेवा.

जुनंलोखंड:
मुळात हे प्रकरण वाढलं टॅक्समुळे. लोटस या ब्रिटिश कंपनीने १९५७ ला सेव्हन आणली तेव्हा तयार गाडीवर पर्चेस टॅक्स बसायचा, किट घेऊन घरी जोडली की वाचायचा. १९७३ ला व्हॅट आला आणि ती मजा संपली, त्याच वर्षी सेव्हनचे हक्क लोटसकडून केटरहॅमकडे गेले. घेणारच असाल तर सेव्हन १७० बघा, सुझुकीचं ६६० सीसी टर्बो, वजन ४४० किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या वॅगनआरच्या साधारण निम्मं, जपानात ती केई कार म्हणजे छोट्या गाड्यांच्या वर्गात बसते. यापेक्षा येडी हवी तर आइल ऑफ मॅनची पील पी५०, १९६० च्या दशकातली, ४९ सीसी, तीन चाकं आणि रिव्हर्सच नाही, उतरायचं, मागचं हँडल धरून उचलायची आणि फिरवायची.

वाळूजवाला:
पुण्याचं डोक्यातून काढा साहेब. आपल्याकडे मॉडेलला मंजुरी लागते, एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून प्रोटोटाइप पास करून, आणि तो खर्च कंपनीलाच झेपतो, एका माणसाने एकच गाडी बांधली तर त्याच्यासाठी आयव्हीएसारखी सोय नाही. सांगलीतल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात ना, भंगारातून किक मारून चालू होणारी गाडी केली होती? आनंद महिंद्रांनी कौतुक केलं पण ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील असंही लिहिलं, आणि २०२२ च्या जानेवारीत ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली. कलाकार माणूस, पण आरटीओला त्याचं काय. कायदेशीर हलकंफुलकं हवं तर आमच्या वाळूजची बजाज क्यूट, २१६ सीसी, टॉप स्पीड ७०. तिच्यासाठी क्वाड्रिसायकल असा, रिक्षा आणि कारच्या मधला, वेगळा वर्गच करावा लागला, यातच काय ते समजा.

कोव्हेंट्रीकर:
बरं, मग पुणे कॅन्सल, जाताना इथेच विकेन. आता एकच शंका, तयार झाल्यावर सिंगल गॅरेजमधून बाहेर निघेल ना?

स्पॅनरदादा:
आरामात, १७० तर रुंदीला दीड मीटरच्या आत आहे. वांधे होतात ते आत इंजिन उतरवताना, क्रेन फिरवायला पुढे जागा लागते, तेव्हा वॉशिंग मशीन तिथे असेल तर आधी त्याचं बघा, म्हणजे वहिनींशी बोला.