कपाळ बदललं तर बदलू द्या, खुलासा नको

सातरस्ता_साडेसात (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला आलेल्यांना वाट बघावी लागणार नाही. पन्नास-साठ वर्षं चाललेल्या विज्ञानकथांच्या मालिकेत मागचं-पुढचं न जुळणाऱ्या गोष्टी येणारच. लेखक बदलतात, बजेट बदलतं, माणसं मरतात. त्या चुकांचा मला काही त्रास नाही. त्रास होतो तो नंतरच्या खुलाशांचा.

'स्टार ट्रेक'मधली परग्रहावरची लढवय्यी जमात, क्लिंगॉन, घ्या. १९६७ साली पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांचं कपाळ तुमच्या-माझ्यासारखं गुळगुळीत होतं, कारण मेकअपला पैसे नव्हते. १९७९ च्या सिनेमात पैसे आले आणि कपाळावर कंगोरे उगवले. कुणाचं काही अडलं नाही. पुढे १९९६ मध्ये 'स्टार ट्रेक'च्याच नंतरच्या 'डीप स्पेस नाइन' मालिकेतली मंडळी काळात मागे जाऊन थेट जुन्या मालिकेच्या एका भागात शिरली. समोर गुळगुळीत क्लिंगॉन, शेजारी या मंडळींतला कंगोरेवाला क्लिंगॉन, वॉर्फ. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो एवढंच म्हणाला, की या विषयावर आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. विषय तिथंच मिटला होता. पण २००५ मध्ये 'एंटरप्राइज' या आणखी एका 'स्टार ट्रेक' मालिकेने या कपाळापायी दोन भाग खर्ची घातले. मानवी जनुकं, विषाणू, अर्धवट उपचार... मेकअपच्या बजेटला वैद्यकीय कारण देण्याची गरज कुणाला पडली होती?

जुळे_सोलापूर

काय बे, ते दोन भाग नीट बघितलेस तरी का? रक्ताचा एवढा माज असलेली जमात. माणसांची सुधारित जनुकं चोरून आपले सैनिक जास्त ताकदवान करायला जाते, प्रयोग अंगाशी येतो आणि उपचारात जीव वाचतो पण कपाळ जातं. क्लिंगॉनसाठी याच्याइतकी शरमेची गोष्ट दुसरी नाही. आता १९९६ चं ते वाक्य परत ऐक. आधी नुसता हशा होता. आता कळतं की वॉर्फ का बोलत नाही. खुलाशाने जुना भाग सुधारला की.

सातरस्ता_साडेसात

तुला त्यात शरम दिसते. मला नऊ वर्षं टिकलेला विनोद मारलेला दिसतो.

पूर्वभाग_जकार्ड

मी चादरीच्या धंद्यातला. जकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते, एका पत्त्यावर एक भोक चुकीचं पडलं तर तोच दोष प्रत्येक रिपीटला चादरभर दिसत राहतो. असा माल सेकंड म्हणून निघतो. पण गिऱ्हाईक कधीकधी नेमका तोच पसंत करतं, त्याला ते डिझाइनच वाटतं.

'स्टार वॉर्स'मध्ये तेच झालं. १९७७ च्या सिनेमात हान सोलो फुशारकी मारतो, की माझ्या यानाने केसलची फेरी बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे अंतराचं माप, साधारण ३.२६ प्रकाशवर्षं. वेळ सांगायला ते चालतच नाही. मग चाहत्यांनी आणि लेखकांनी मिळून अर्थ लावला: नेहमीचा मार्ग लांबचा, हा पठ्ठ्या धोक्याच्या जागेतून जवळचा रस्ता काढून गेला. २०१८ च्या सिनेमात ती फेरी प्रत्यक्ष दाखवली. चुकीच्या भोकातून आख्खा प्रसंग निघाला. आता बोला.

सातरस्ता_साडेसात

बोलतो की. १९७७ मध्ये ते वाक्य एका थापाड्याच्या तोंडी होतं. समोर बसलेला म्हातारा ते ऐकून जो चेहरा करतो, त्यावरून प्रेक्षकाला कळायचं की गडी फेकतोय. तुम्ही थाप खरी करून टाकली. हान सोलो त्यात लहानच झाला ना?

होटगीरोड_७७

तुम्ही दोघंही किरकोळ गोष्टींवर भांडताय. कपाळ, पार्सेक ही सजावट झाली. गोष्टीचं वजनच काढून घेतात, तिथे खरा राग यायला हवा.

'टर्मिनेटर'चा दुसरा सिनेमा १९९१ चा. २९ ऑगस्ट १९९७ ला जग संपणार म्हणून आई-मुलगा जिवाचं रान करतात आणि शेवटी ते संकट टळतं. २००३ मध्ये तिसरा आला: टळलं नव्हतं, पुढे गेलं होतं. २०१५ मध्ये सगळी घडीच बदलली. २०१९ मध्ये तिसऱ्यापासूनचं सगळं झालंच नाही असं धरून पुन्हा १९९१ पासून सुरुवात केली, आणि ज्या पोराला वाचवण्यासाठी पहिले दोन सिनेमे झाले त्याला पहिल्या काही मिनिटांतच मारून टाकलं. याला चूक म्हणायचं? तारखा जुळतातही कदाचित. पण आपण १९९१ मध्ये ज्यासाठी श्वास रोखून बसलो होतो, तेच फुकट गेलं. मला कंटिन्युइटीची, म्हणजे मागचं-पुढचं जुळण्याची, व्याख्या इथे हवी आहे, कपाळावर नको.

जुळे_सोलापूर

हे मान्य. पण हा दोष खुलाशाचा नाही, उलट खुलासा न करता पाटी पुसण्याचा आहे. माझ्याच बाजूचा मुद्दा दिलात.

चाटीगल्ली

पाटी पुसण्यावरून आठवलं. १९९१ पासून 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्यांचा केवढा पसारा झाला होता. 'स्टार वॉर्स' काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीत या सगळ्या तपशिलांची नोंद ठेवायला एक माणूस होता, लीलंड ची. त्याच्या माहितीसंचात कुठली गोष्ट किती अधिकृत याच्या पायऱ्या होत्या, सिनेमा सगळ्यात वर. आणि २०१४ मध्ये जाहीर झालं की त्या कादंबऱ्यांमधलं आता काही धरायचं नाही, त्या 'लेजंड्स'. वाचकाने वीसेक वर्षं मनात जुळवत आणलेलं जग एका निवेदनात दंतकथा झालं.

निवृत्त_मास्तर

मंडळी, एवढा शोक कशाला? आपल्याकडे हे काम याहून मोठ्या ग्रंथावर झालंय. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला संहिता पुरी झाली, हजाराच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिली. गणपतीने महाभारत लिहून घेतलं हा आपल्या सगळ्यांच्या मनातला प्रसंग मूळ संहितेत घेतलाच नाही, परिशिष्टात टाकला. म्हणून कीर्तनकारांनी तो सांगायचं सोडलं का? लोक दोन्ही सांभाळतात. तुमच्या कादंबऱ्या दुकानात अजून मिळतातच ना, वाचा की.

चाटीगल्ली

मास्तर, आदर ठेवून सांगतो, तुलना उलटी आहे. त्या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांनी नवं काही घुसडलं नाही. सगळे पाठभेद तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवले, कुणालाही तपासता येतील असे. इथे जुनं बाजूला सारलं ते नवे सिनेमे काढायला जागा हवी होती म्हणून. एक संशोधन, दुसरा धंदा.

निवृत्त_मास्तर

धंदा तर आहेच. पण तीस वर्षांनंतर पहिल्यांदा थेटरात बसणाऱ्या पोराने आधी शंभर कादंबऱ्या वाचून यावं अशी अट घालायची का? आमच्या वेळी पोराला भीष्म कोण हे सांगायला पाच मिनिटं पुरायची.

गड्ड्यातला_पाळणा

एवढं गंभीर होऊ नका बे. १९८२ च्या 'स्टार ट्रेक' सिनेमात खलनायक खान यानावरच्या चेकॉव्हला बघून म्हणतो, मी चेहरा विसरत नाही. खान जुन्या मालिकेत आला १९६७ च्या फेब्रुवारीत, पहिल्या हंगामात. चेकॉव्ह आला दुसऱ्या हंगामात. भेट झालीच कधी? चेकॉव्हचं काम करणारा वॉल्टर कोनिग गमतीने सांगायचा, की चेकॉव्ह संडासात बसून होता आणि खानला बाहेर ताटकळत उभं राहावं लागलं, चेहरा कसा विसरेल? याच्यापेक्षा चांगला खुलासा कुणी दिलाय?

सातरस्ता_साडेसात

हा चालेल! कारण तो पडद्यावर नाही.

होटगीरोड_७७

पडद्यावरचाही चालू शकतो. 'डॉक्टर हू'मध्ये १९७६ साली कुणीतरी लिहून गेलं की टाइम लॉर्डला, म्हणजे डॉक्टरच्या जमातीतल्या कुणालाही, बाराच वेळा देह बदलता येतो. तेव्हा चौथा डॉक्टर चालू होता, कुणाला फिकीर? २०१३ च्या नाताळला हिशेब भरला. मग त्याला नवं चक्र मिळालं, पण कसं: एका गावात म्हातारा होत, मरणाची वाट बघत बसलेल्या डॉक्टरला. तिथे खुलासा नव्हता, तीच गोष्ट होती. ज्या पात्राला उत्तराची गरज आहे त्याला उत्तर द्या. क्लिंगॉनच्या कपाळाची गरज फक्त प्रेक्षकाला होती.

सातरस्ता_साडेसात

हेच म्हणत होतो, तुम्ही बरं मांडलंत.

जुळे_सोलापूर

मग 'स्टार वॉर्स'मधल्या लेयाचं काय करता? १९८३ च्या सिनेमात तिचा जुळा भाऊ ल्यूक तिला खऱ्या आईबद्दल विचारतो. ती म्हणते, थोडी आठवते, सुंदर होती, मायाळू होती, पण उदास. २००५ च्या सिनेमात त्या दोघांची आई पद्मे बाळंत झाली आणि तिथेच गेली. लेयाला काय आठवणार, कप्पाळ? दोन्हींची गोष्ट 'स्टार वॉर्स'च्या जनकाची, जॉर्ज लुकासचीच, म्हणजे लेखक बदलला हे कारणही नाही. ल्यूकला आईबद्दल कळायची तेवढी एकच जागा होती. इथे पात्राला उत्तराची गरज आहे की नाही?

सातरस्ता_साडेसात

नाही. लेया तेव्हा खरंच सांगत होती. ते मी तसंच ऐकतो, २००५ चा सिनेमा त्या वेळी डोक्यात आणत नाही.

जुळे_सोलापूर

म्हणजे जुळवाजुळव तूच करतोयस, फक्त गुपचूप. पडद्यावर केली की राग. उद्या लेयाच्या आठवणीवर दोन भाग काढले तर मी पहिला बघणार, आणि तूही बघशील बे.