दिवाळी अंक: गणपतरावांच्या चौकटीतला 'सलग' काढा

मेधा (संपादन समिती), सोमवार

नमस्कार मंडळी,

यंदाच्या अंकात सांगोल्याचे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) माजी आमदार गणपतराव देशमुख यांच्यावर चार पानं आहेत. लेख लागला आहे, फक्त चौकट उरलीय. तिचा मजकूर असा: "एकाच पक्षाकडून, एकाच मतदारसंघातून सलग अकरा वेळा निवडून येण्याचा विश्वविक्रम. चोपन्न वर्षे आमदार. कायम विरोधी बाकावर." शुक्रवारी अंक छपाईला जातोय. कुणाची हरकत असल्यास तोवर कळवा.

विश्वास, सोमवार रात्री

मेधाताई,

हरकत आहे. माझं आजोळ सांगोला तालुक्यातलं, त्यामुळे गप्प बसलो तर मामा घरात घेणार नाही.

आधी 'सलग' काढा. आबासाहेब (आमच्याकडे गणपतरावांना हेच म्हणतात) १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, ६७ला पुन्हा. ७२ला पडले. ७४च्या पोटनिवडणुकीत परत आले, मग ७८, ८०, ८५, ९०. ९५ला पुन्हा पडले, १९२ मतांनी. एकशे ब्याण्णव! आमच्या मामाच्या नुसत्या भावकीत याहून जास्त मतं निघतील. पाडणारे होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. हो, तेच ते, ज्यांच्या 'काय झाडी, काय डोंगर'वरून आपल्या सहलीत दिवसभर धुमाकूळ झाला होता. ९९ला आबासाहेब परत आले, २००४, २००९, २०१४ काढले आणि २०१९ला स्वतःच थांबले. बोटांवर मोजून बघा, अकरा भरतात.

चोपन्न मात्र भरत नाहीत. सगळीकडे तोच आकडा छापून येतो, पण ६२ ते ७२, ७४ ते ९५ आणि ९९ ते २०१९ अशी बेरीज केली की एक्कावन्नच्या आसपास येते. त्यापेक्षा 'पन्नासहून अधिक वर्षे' लिहावं, म्हणजे कुणी बोट ठेवणार नाही.

संजय, मंगळवार

विश्वविक्रमाचंही जरा बघा. ऑफिसात माझ्या शेजारी कोट्टायमचा एक जण बसतो. त्याला कौतुकाने ही चौकट वाचून दाखवली, तर तो नुसता हसला. केरळचे के. एम. माणी हे पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. (६५ची केरळ विधानसभा भरलीच नाही. ती वजा केली तरी बारा राहतात.) केरळचेच ओमन चंडी पुतुपळ्ळीतून बारा वेळा. तमिळनाडूचे करुणानिधीही तेरा वेळा, पण त्यांचे मतदारसंघ बदलत गेले. महाराष्ट्रापुरता विक्रम म्हणा आणि मोकळे व्हा.

भाऊकाका, मंगळवार दुपारी

चि. मेधा,

माझा मुद्दा तिसऱ्या वाक्याचा. 'कायम विरोधी बाकावर' हे खरं नाही. १९७८च्या जुलैत शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं, तेव्हा मी फोर्टात कारकून होतो. रोज दुपारी डब्याबरोबर आमची त्यावर चर्चा चाले. त्या सरकारात शेकाप होता, एन. डी. पाटील मंत्री होते आणि गणपतरावही. पुढे ९९ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही ते होते. २००२ला रायगडात राष्ट्रवादीशी बिनसल्यावर शेकापने पाठिंबा काढला, तेव्हा खुर्ची सुटली.

मला यात वावगं काही वाटत नाही. पण आपण त्यांना देव्हाऱ्यात बसवायला निघालो आहोत. एसटीने फिरणारा साधा आमदार, एवढंच लोकांना आठवतं. माणूस मुरलेला राजकारणी होता, कुणाबरोबर किती दिवस बसायचं हे त्याला नेमकं कळत असे. तेही लिहा ना!

विश्वास, बुधवार

काका, पूर्ण मान्य. सांगोल्यात त्यांना कुणी संत म्हणत नाही. तिकडचा माणूस विचारतो, टेंभू योजनेचं पाणी कुठवर आलं, म्हैसाळ योजनेचं कुठवर आलं? माणदेशात माणसाची किंमत त्याच्यावरच ठरते. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर त्यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या, आटपाडीला वर्षानुवर्षं माणसं जमली. लहानपणी मामा मला सायकलच्या दांडीवर बसवून अशा एका सभेला घेऊन गेला होता. भाषणातला एक शब्द आठवत नाही. लाल बावटे आठवतात, आणि आपल्याच डब्यातली भाकरी खाणारी बायामाणसं. फुकटचं जेवण नव्हतं, तरी मांडव भरला होता.

'पक्ष का सोडला नाही' असं इथे सगळे कौतुकाने विचारतात. मामाचं उत्तर साधं आहे: सोडून जायचं कुठं? तिथे सूतगिरणीपासून गावच्या सोसायटीपर्यंत सगळी माणसं शेकापची. पक्ष म्हणजे मुंबईतलं कार्यालय नव्हे, ही माणसं. काँग्रेसमध्ये गेले असते तर मंत्रिपद अधिक काळ मिळालं असतं, पण सांगोल्यात उभं कुणाच्या जिवावर राहायचं? मला तर निष्ठेइतकाच हा हिशोबही खरा वाटतो.

आणि मेधाताई, लेख २०२१च्या ३० जुलैला, त्यांच्या निधनापाशी थांबतो. पुढची गंमत राहूनच गेली. २०१९ला नातू अनिकेत उभा राहिला आणि ७६८ मतांनी पडला, तेही शहाजीबापूंकडूनच. बापू तोवर शिवसेनेत आले होते, नंतर शिंदेंबरोबर गेले. २०२४ला दुसरा नातू बाबासाहेब उभा राहिला. शेकाप महाविकास आघाडीत, तरी ठाकरेंच्या सेनेने समोर दीपक साळुंखेंना उभं केलं. बाबासाहेब शहाजीबापू आणि साळुंखे, दोघांना पुरून उरला. राज्यात शेकापची तेवढी एकच जागा आली. आजोबा गेले, पक्ष आटला, आणि उरला तो सांगोल्यातच. घराणेशाही म्हणायची तर म्हणा, मामा म्हणत नाही.

मेधा, गुरुवार

सगळ्यांचे आभार, आणि विश्वास, तुझ्या मामांना नमस्कार. चौकट आता अशी: "शेतकरी कामगार पक्षातर्फे सांगोल्यातून अकरा वेळा विजयी, १९७२ आणि १९९५ला पराभूत. पन्नासहून अधिक वर्षे आमदार, त्यात दोनदा मंत्री." विश्वविक्रम काढला. काका, 'मुरलेला राजकारणी' लेखात घातलंय, दुसऱ्या पानावर. नातवांच्या चार ओळींना जागा हवी म्हणून फराळाच्या जाहिरातीचा आकार कमी केलाय. जाहिरातदारांना फोन कोण करणार ते आज रात्री सांगा.