पंप रूमला पीएलसी हवा की नुसते फ्लोट पुरे? (खारघर, १४ मजली सोसायटी)

खारघर_सचिव

१४ मजले, एकच विंग. जमिनीखाली दोन टाक्या, एक आगीसाठी, एक वापराची. गच्चीवर २५,००० लिटर. साडेसात एचपीचे दोन पंप, साधे डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर सुरू करणारे) आणि बटण वॉचमनच्या हातात. त्याचा डोळा लागला की गच्चीवरून धो धो, नाहीतर सकाळी सातला नळाला नुसती हवा. सिडकोचं पाणी ठरल्या वेळीच येतं. उन्हाळ्यात टँकर त्याच खालच्या टाकीत रिकामे होतात.

कोटेशन आलंय त्यात पीएलसी (पंप कधी लावायचा ते प्रोग्रामने ठरवणारा कंट्रोलर), सात इंची टच स्क्रीन, दोन्ही टाक्यांत अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणारे), मोबाइल अ‍ॅप आणि वॉचमनच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर आहे. शंका तीन. एवढ्या कामाला पीएलसी लागतो का? सेन्सर कुठला टिकतो? आणि नेट गेलं किंवा कॉम्प्युटर बंद पडला तर पाणी चढणार का?

पॅनेल_रबाळे

शेवटच्या प्रश्नापासून. पाणी चढणं त्या कॉम्प्युटरवर अवलंबून असेल तर कोटेशन परत पाठवा. पंप कधी लावायचा हे पंप रूममधल्या पॅनेलनेच ठरवायचं. केबिनमधला पीसी आणि अ‍ॅप नुसते बघे. विंडोजचं अपडेट येऊन पीसी मध्यरात्री रीस्टार्ट झाला तरी पंपाला त्याचा पत्ता लागता कामा नये.

पंप एकच असता तर वर एक फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच), खाली एक फ्लोट, दोन्ही सिरीजमध्ये, विषय संपला. तुमच्याकडे दोन पंप आहेत, त्यांची पाळी बदलायची, एक ट्रिप झाला तर दुसऱ्याने आपोआप उचलायचं, शिवाय पाणी येण्याच्या वेळा. हे टायमर-रिलेनेही होतं, पण दहाएक रिले आणि वायरींचं जाळं झालं की पुढचा वायरमन पॅनेलला हात लावत नाही. तेव्हा छोटा पीएलसी घ्या: ८ ते १२ डिजिटल इनपुट, ४ रिले आउटपुट, २ अ‍ॅनालॉग इनपुट. टच स्क्रीन मात्र काढा. दोन ओळींचा डिस्प्ले आणि चार दिवे पुरतात.

प्रोग्रामसाठी आकडे असे घाला. वरची टाकी ४० टक्क्यांवर आली की पंप सुरू, ९० ला बंद. खालची ६० सेंमीवर आली की बंद, आणि १ मीटर भरल्याशिवाय पुन्हा सुरू नाही. हे अंतर ठेवलं नाही तर टँकर ओतताना पाणी हिंदकळतं, लेव्हल खालीवर होते आणि कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा-तोडणारा स्विच) टकटक करत बसतो. पंप बंद झाल्यावर तोच पंप किमान १० मिनिटं लागू नये.

शिवाय वेळेची मर्यादा. ५०-५५ मीटर हेड (पाणी चढवायची उंची) धरलं तर साडेसात एचपीत मिनिटाला ढोबळमानाने ३०० लिटर चढतात. ४० ते ९० टक्के म्हणजे १२,५०० लिटर, म्हणजे वापर बंद असताना ४०-४५ मिनिटं, सकाळच्या गर्दीत तासभर. ९० मिनिटांत टाकी भरली नाही तर पंप बंद आणि हूटर. कॉम्प्युटरचा खरा उपयोग इथे आहे: प्रत्येक वेळी भरायला किती मिनिटं लागली याची नोंद. रात्रीची ४२ मिनिटं दोन महिन्यांत ५५ झाली तर एनआरव्ही (पाणी परत येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळतोय, इंपेलर (पंपाच्या आतलं चक्र) झिजलाय किंवा सक्शनला हवा लागतेय. असली नोंद ठेवणारी सोसायटी क्वचितच दिसते.

आता ऑटो पॅनेल असूनही टाकी वाहते त्याचं नेहमीचं कारण. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात. पीएलसीने आउटपुट काढून घेतलेलं असतं, त्याच्या हिशेबी पंप बंद, आणि मोटर फिरतेच आहे. म्हणून कॉन्टॅक्टरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (त्याच्यासोबत हलणारा छोटा जोड-संपर्क) पीएलसीच्या इनपुटला द्या. आउटपुट गेल्यावर दोन सेकंदांत तो सुटला नाही तर शंट ट्रिपने (ब्रेकर पाडणारी कॉइल) एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, पाडायचा. कॉन्टॅक्टरची कॉइल थेट पीएलसीच्या आउटपुटवर लावू नका, मध्ये २४ व्होल्टचा इंटरपोझिंग रिले घाला. नाहीतर कॉइलच्या झटक्याने आतला बारीक रिले जळतो आणि अख्खं युनिट बदलावं लागतं.

ऑटो-ऑफ-मॅन्युअल सिलेक्टर हवाच. मॅन्युअलमध्ये पीएलसी बाजूला पडतो, पण ओव्हरलोड (जास्त करंटला मोटर तोडणारा रिले), फेज प्रोटेक्शन आणि दोन्ही टाक्यांचे सुरक्षा फ्लोट सर्किटमध्येच राहिले पाहिजेत, प्रोग्राममधून नव्हे, वायरने. सगळं ठीक असताना फ्लोटचा कॉन्टॅक्ट जोडलेला असावा, म्हणजे वायर तुटली तर पंप थांबेल. ओव्हरलोड मोटरच्या पाटीवरच्या करंटला लावा; साडेसात एचपीला तो ११ अँपिअरच्या आसपास असतो. ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून १६ वर चढवलेला ओव्हरलोड असला नसला सारखाच.

लेव्हल_ठाणेकर

सेन्सरपुरतं बोलतो.

अल्ट्रासॉनिक वाईट नाही, जागा चुकते. तोंडापासून २५-३० सेंमी त्याला काही दिसत नाही, म्हणजे झाकणाला टेकवून बसवला तर नेमकी भरलेली टाकी कळत नाही. झाकणबंद टाकीत तोंडावर वाफेचे थेंब जमतात, इनलेटची धार समोरून पडते, कोळी जाळं विणतो, आणि रीडिंग भरकटतं.

तुमच्याकडे पाण्यात सोडायचा हायड्रोस्टॅटिक ट्रान्समीटर घ्या, दोन वायरी, ४ ते २० मिलीअँपिअर. ० ते ५ मीटरचा घेतला तर मीटरमागे ३.२ मिलीअँपिअर वाढतात; २ मीटर पाण्याला १०.४ दिसले पाहिजेत. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून कुठलाही वायरमन तपासू शकतो. टाकी रिकामी असतानाही ४ येतात, त्यामुळे शून्य म्हणजे वायर तुटली. ३.६ च्या खाली गेलं की पीएलसीने ‘सेन्सर फॉल्ट’ म्हणून पंप थांबवायचा, ‘टाकी रिकामी’ समजून सोडायचा नाही. हा फरक प्रोग्राममध्ये आहे का, ते आधी विचारा.

त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते. तिचं तोंड कोरड्या जंक्शन बॉक्समध्ये सिलिका जेलसोबत उघडं ठेवायचं. टेपने बंद केलं किंवा पावसाची ओल आत गेली की रीडिंग हळूहळू सरकतं. सेन्सर तळापासून १० सेंमी वर, भोकं पाडलेल्या ७५ मिमी पीव्हीसी पाइपात सोडा; टँकरचा गाळ तळाशी बसतो. सेन्सरच्या पडद्याला तार किंवा ब्रश लावू नका, पाण्याने धुवा.

फ्लोट मात्र पाइपात घालू नका, त्याला झुलायला जागा लागते. इनलेटपासून लांब, केबलला वजन बांधून. स्टीलच्या सळयांवर चालणारं स्वस्त कंट्रोलर कुणी सुचवलं तर सळयांवर एसी आहे की डीसी ते विचारा. डीसीवर सळई खाल्ली जाते आणि क्षार चढतात.

आगीची टाकी या सगळ्यात ओढू नका. पाणी आधी आगीच्या टाकीत आणि तिथून ओसंडून वापराच्या टाकीत अशी रचना असेल तर तशीच राहू द्या. तिथे फक्त कमी पाण्याचा अलार्म देणारा एक फ्लोट.

खारघर_सचिव

आभार. डक्टमधून लिफ्टची पॉवर केबल जाते. गच्चीपर्यंत वायर ओढू की वायरलेस घेऊ? विक्रेता सिमवालं मोडेमही देतोय.

डेटा_ऐरोली

वायर. साठ-सत्तर मीटर म्हणजे काहीच नाही, ४-२० सिग्नलला तेवढ्याने फरक पडत नाही. दोन कोअरची पिळाची शिल्डेड केबल, वेगळ्या पीव्हीसी कंड्युटमधून, पॉवर केबलपासून फूटभर लांब. शिल्डला अर्थ फक्त पॅनेलच्या टोकाला. दोन्हीकडे दिला तर शिल्डमधूनच करंट फिरतो. गच्चीवर आणि पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर बसवा. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडतात तेव्हा पहिला बळी अ‍ॅनालॉग इनपुटचा जातो.

वायर अशक्यच असेल तर ८६५-८६७ मेगाहर्ट्झचा लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) चालतो, त्याला परवाना लागत नाही. पण तळघरातून चौदा स्लॅब भेदून जाईल या भरवशावर राहू नका, अँटेना बाहेरच्या भिंतीला काढा. दर ३० सेकंदांना निरोप, सलग तीन चुकले की पंप बंद.

सिमचं मोडेम फक्त अलार्मच्या मेसेजसाठी. नुसतं टूजी मोडेम असेल तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, फोरजी घ्या. आणि राउटरवर ५०२ नंबरचा पोर्ट उघडून ‘घरून पंप चालवा’ असं कुणी सांगितलं तर सरळ नकार द्या. त्या पोर्टवरच्या मॉडबसला (पीएलसीशी बोलायची भाषा) पासवर्डच नसतो. पत्ता सापडलेला कुणीही पंप लावू शकतो. अ‍ॅपवर लेव्हल बघायची, सुरू-बंदची बटणं नकोत.

घोडबंदर_एएमसी

दोन गोष्टी राहिल्या. फेज प्रोटेक्शन रिले उलटा क्रम ओळखणारा घ्या. रस्ता खणताना केबल तुटते, महावितरणचा जॉइंट होतो, दोन फेजची अदलाबदल होते आणि पंप उलटा फिरतो. आवाज येतो, पाणी जेमतेम चढतं, आणि सगळे सेन्सरला शिव्या घालतात.

दुसरं, शेवटचं बिल देण्याआधी प्रोग्रामची मूळ फाइल, पासवर्ड आणि वायरिंगचं ड्रॉइंग सोसायटीच्या नावावर घ्या. पासवर्ड विक्रेत्याकडेच राहिला तर एक टायमर बदलायलाही त्यालाच बोलवावं लागतं. मग समोर उभं राहून चाचणी: पंप चालू असताना गच्चीच्या सेन्सरची वायर सोडा, पंप थांबून फॉल्ट आला पाहिजे. मॅन्युअलवर ठेवून खालचा फ्लोट हाताने पाडा, पंप थांबला पाहिजे. चालत्या पंपाचा ओव्हरलोड टेस्ट बटणाने ट्रिप करा, दुसऱ्याने उचललं पाहिजे. मेन स्विच पाडून पुन्हा द्या, दोन्ही पंप एकदम लागता कामा नयेत. आणि केबिनमधला पीसी घेतलाच असेल तर त्याचा प्लग काढून पंपाचं एक पूर्ण चक्र होऊ द्या.